फुकट, मोफत आणि मुक्तद्वार



एआयच्या साधनांबद्दल हल्ली एक आश्वासन सारखं कानावर येतं. पैसे नकोत, खातं नको, मोबाइल नंबर नको. या, विचारा, उत्तर घ्या आणि जा. आज मला या आश्वासनाची समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हणजे निंदा नव्हे, हे इथे येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुस्तकाचं परीक्षण करताना आपण जे पाहतो तेच इथे पाहायचं: काय देऊ केलं आहे, प्रत्यक्षात हातात काय पडतं, आणि जे पडत नाही त्याची झळ कोणाला बसते.

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द आहे, आणि त्याने संगणकाच्या जगात बराच गोंधळ घातलेला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यांच्या चळवळीला पुढे कायम लोकांना समजावत बसावं लागलं की बाबांनो, इथे फ्री म्हणजे किंमत नाही असं नव्हे, स्वातंत्र्य आहे असं. मराठीत ही अडचण नाही. आपल्याकडे फुकट वेगळं, मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. फुकट या शब्दात थोडी बेपर्वाई आहे, देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची. मोफत म्हणजे दाम पडत नाही, एवढंच. मुक्त म्हणजे अट नाही. आणि ग्रंथालयवाल्यांचा एक चौथा शब्द आहे, तो मला आज फार उपयोगाचा वाटतो: मुक्तद्वार.

आपल्याकडच्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत दोन व्यवस्था असतात. पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी, अनामत, पत्ता, सगळं द्यावं लागतं. पण दर्शनी खोलीत लांब टेबलावर वर्तमानपत्रं ठेवलेली असतात. तिथे येऊन बसणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. हमाल बसतो, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी बसतो, पेन्शनर तर सकाळपासून बसलेले असतात. (हशा) हे मुक्तद्वार. यात एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. टेबलावरचा अंक हा घरी पैसे देऊन पेपर घेणाऱ्याला मिळतो तोच अंक असतो. मुक्तद्वारात बसणाऱ्यांसाठी चार पानं कमी असलेला, शाई पुसट असलेला वेगळा पेपर छापला जात नाही.

म्हणजे मुक्तद्वाराच्या दोन कसोट्या झाल्या. नाव विचारायचं नाही, आणि वस्तू तीच द्यायची. या दोन कसोट्यांवर आजची 'विनानोंदणी, विनाशुल्क' एआय साधनं लावून पाहू.

पण त्याआधी कोणी विचारेल, नाव द्यायला हरकत काय? आपण काही चोऱ्या करत नाही. खातं उघडलं, बिघडलं कुठे?

समजा, एक बाई आहे. घरात एकच स्मार्टफोन, तोही नवऱ्याच्या नावावरचा. तिला एवढंच विचारायचं आहे की घरात मारहाण होत असेल तर कायद्याने काय करता येतं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी नावाची व्यवस्था आहे, हे तिला ठाऊक नाही. खातं उघडायचं तर ओटीपी त्याच फोनवर येणार. उघडलंच, तर विचारलेला प्रश्न त्या खात्याच्या इतिहासात जाऊन बसणार, मथळ्यासकट. तिच्यासाठी नोंदणी ही दोन मिनिटांची कटकट नाही. नोंदणी असेल तर ती प्रश्नच विचारणार नाही.

अशी माणसं पुष्कळ आहेत. सावकाराच्या कागदावर अंगठा दिलेला शेतकरी. कोणाला सांगता येत नाही असा आजार झालेला तरुण. मालकाने तीन महिन्यांचा पगार अडवला आहे, आता कुठे जायचं, हे विचारणारा कामगार. ज्याला प्रश्नाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच नाव सांगण्याची सर्वांत जास्त भीती आहे. म्हणून मी विनानोंदणीला सोय म्हणत नाही. काही लोकांसाठी तेच एक दार आहे, आणि म्हणूनच ते कसं बांधलं आहे हे नीट पाहायला हवं.

आता पहिलं उदाहरण, सर्वांत प्रसिद्ध. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आलं. मोफत होतं, पण खातं आवश्यक होतं, आणि सुरुवातीला खात्यासाठी मोबाइल क्रमांकही लागत असे. पुढे १ एप्रिल २०२४ रोजी ओपनएआयने जाहीर केलं की आता खात्याशिवायही वापरता येईल. तारीख एक एप्रिल असली तरी घोषणा खरी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातला वेबवर शोध घेण्याचा भागही खात्याशिवाय खुला झाला. ही पावलं चांगली होती, ते मान्य करूनच पुढे जाऊ.

पण त्या दारातून आत गेल्यावर काय मिळत होतं? संभाषण जपून ठेवता येत नव्हतं, ते एक वेळ चालेल. खातं नसलेल्यांसाठी जास्त विषयांवर बंधनं घातलेली होती. आणि तुम्ही जे लिहाल ते मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ शकेल, ही मूळ व्यवस्था होती. ती बंद करण्याचं बटण होतं, खातं नसतानाही होतं. पण ते सेटिंगमध्ये होतं. मघाच्या बाईंना ते सापडेल का? इंग्रजीतलं सेटिंग, घाईची वेळ, दारात कोणी येतंय का याकडे कान. बटण आहे एवढ्यावर आपण समाधान मानायचं का, हा प्रश्न आहे. वाचनालयाच्या दारात 'आपण काय वाचता याची आम्ही नोंद ठेवू, नको असल्यास मागच्या खोलीत जाऊन अर्ज करा' अशी पाटी लावली, तर त्याला आपण मुक्तद्वार म्हणणार नाही.

दुसरी कसोटी, वस्तू तीच आहे का? इथे मराठी माणसाच्या दृष्टीने एक मोठी गंमत आहे, गंमत म्हणजे खरं तर दुखणं, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

ही यंत्रं आपलं वाक्य जसंच्या तसं वाचत नाहीत. ती त्याचे तुकडे करतात, त्यांना टोकन म्हणतात. यंत्राचं सगळं काम टोकनांत मोजलं जातं. एका वेळी किती मजकूर लक्षात राहील, उत्तर किती वेगाने येईल, चालवणाऱ्याला किती खर्च येईल, सगळं टोकनांवर. आता मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयने स्वतःच एक तक्ता दिला होता. साधा नमस्कार-चमत्काराचा मजकूर निरनिराळ्या भाषांत घेऊन जुन्या आणि नव्या पद्धतीत त्याचे किती तुकडे होतात, हे त्यात दाखवलं होतं. मराठी मजकुराचे जुन्या पद्धतीत ९६ तुकडे होत होते, नव्या पद्धतीत ३३. इंग्रजीचे जुन्या पद्धतीत २७, नव्यात २४.

हे आकडे जरा मनात धरा. जुन्या पद्धतीत तीच गोष्ट मराठीत सांगायला इंग्रजीच्या साडेतीन पट तुकडे लागत होते. नव्या पद्धतीत दीडपटही नाहीत. म्हणजे केवळ तुकडे पाडण्याची पद्धत बदलल्यामुळे मराठी माणसाचं ओझं जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आलं. सुधारणा खरोखर मोठी होती. पण मे २०२४ मध्ये खातं नसलेल्या पाहुण्याला कोणतं मॉडेल मिळत होतं? जीपीटी-३.५, म्हणजे जुन्या पद्धतीचं. जुलै २०२४ मध्ये जीपीटी-४ओ मिनी आलं आणि त्याची जागा घेतली, तोवर तसंच होतं. म्हणजे नाव सांगणाऱ्याला, मर्यादित का होईना, नवा तराजू मिळाला, आणि नाव न सांगणाऱ्या मराठी माणसाचं धान्य जुन्याच तराजूत मोजलं गेलं. असं कोणी दुष्टपणाने केलं, असं मी म्हणत नाही. जुनं ते पाहुण्याला, अशी ती साधी व्यापारी पद्धत. पण त्याचा भार इंग्रजी पाहुण्यावर नगण्य पडला आणि मराठी पाहुण्यावर भरपूर पडला. दाराला भाषा नसते असं आपण समजतो, ते इथे खोटं ठरतं.

आता दुसरं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यांना एकाच माळेत ओवणं बरं नव्हे. डकडकगो हे शोधयंत्र तुम्हाला माहीत असेल. त्यांनी जून २०२४ मध्ये एआय गप्पांची खिडकी उघडली. खातं नाही. मॉडेलं दुसऱ्या कंपन्यांची, पण मध्ये डकडकगो उभं राहतं. तुमचा आयपी पत्ता पुढे जात नाही, विचारलेलं प्रशिक्षणासाठी वापरायचं नाही आणि ठरावीक मुदतीत पुसून टाकायचं, असे त्यांचे त्या कंपन्यांशी करार आहेत. संभाषण तुमच्याच यंत्रावर राहतं. रोजच्या वापराला मर्यादा आहे.

समीक्षक म्हणून मला यातली रचना महत्त्वाची वाटते. इथे गुप्तता ही मूळ व्यवस्था आहे, मागून मागायची सवलत नाही. पहिल्या कसोटीला ही खिडकी बऱ्यापैकी उतरते. दुसऱ्या कसोटीला कमी. मोफत मिळतात ती बहुतेक हलकी मॉडेलं, आणि मराठीत हलकी मॉडेलं लवकर अडखळतात. लिंग चुकतं, वाक्य हिंदीच्या वळणाने जातं, कायद्याचे शब्द भलतेच येतात. पण खात्याशिवाय सभ्यपणे सेवा देता येतच नाही, हा दावा या एका उदाहरणाने निकालात निघतो.

तिसरा प्रकार आहे तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल. कोणतंही नाव धारण केलेली संकेतस्थळं, 'अमर्याद, मोफत, नो लॉगिन', बाजूला जाहिरातींची झुंबड. चालवतं कोण, ठाऊक नाही. २०२३ च्या वसंतात 'जीपीटीफॉरफ्री' नावाचा प्रकल्प गिटहबवर गाजला होता. ज्या संकेतस्थळांनी पैसे मोजून मॉडेलची सेवा घेतली होती, त्यांच्या आडवाटेने आत शिरून तो लोकांना फुकट उत्तरं मिळवून देत असे. ओपनएआयने तो काढून टाकण्याची मागणी केली. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे: आकडा टाकणं. (हशा) वीज फुकट मिळते, बिल दुसऱ्याच्या मीटरवर चढतं. पण आकड्याच्या विजेचा धोका आकडा टाकणाऱ्याच्याच घराला असतो, हेही आपल्याला माहीत आहे. तुम्ही विचारलेलं कोणकोणाच्या हातांतून जातं, याचा तिथे पत्ताच लागत नाही. २०२५ मध्ये तर एआयने व्हिडिओ बनवून देतो म्हणणाऱ्या बनावट संकेतस्थळांतून घातक सॉफ्टवेअर पसरवल्याचेही प्रकार उघड झाले. यालाच मी फुकट म्हणते. मोफतही नाही आणि मुक्त तर नाहीच.

चौथा प्रकार २०२५ मध्ये आपल्या देशात जोरात होता. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वर्षभराची वर्गणी मोफत दिली. तिची किंमत १७,००० रुपये सांगितली गेली. ३० ऑक्टोबरला जिओने गूगल जेमिनायची अठरा महिन्यांची योजना आणली, किंमत सांगितली ३५,१०० रुपये. सुरुवात १८ ते २५ वयाच्या मुलामुलींपासून. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत केलं. चार महिन्यांत तीन दानशूर! पण या तिन्हींत एक गोष्ट समान होती. तुम्ही कोण आहात हे सांगितल्याशिवाय दान मिळत नव्हतं. सिमकार्ड तरी लागत होतं किंवा खातं तरी. म्हणजे ज्यांनी नाव सांगितलं त्यांच्यासाठी मांडव सजला, आणि नाव न सांगणाऱ्यांचं दार होतं तेवढंच राहिलं.

मोफतची पुढची पायरी आपण पाहिलेली आहे. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं, मार्च २०१७ अखेरपर्यंत फुकट होतं, मग दर लागू झाले आणि काळानुसार वाढले. त्यातून इंटरनेट स्वस्त झालं, खेड्यात पोचलं, हे खरंच आहे. ते नाकारणारी मी नाही. पण सवय लागल्यावर अटी बदलतात, हेही तितकंच खरं आहे. जानेवारी २०२६ मध्ये ओपनएआयने अमेरिकेत मोफत आणि गो या दोन्ही पातळ्यांवर जाहिराती दाखवून पाहण्याची घोषणा केलीच.

इथे दहा वर्षांपूर्वीचा एक वाद आठवायला हवा. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' आणलं होतं. निवडक संकेतस्थळं मोफत, बाकीच्यांना डेटाचे पैसे. समर्थक म्हणत होते, गरिबाला काहीच नसण्यापेक्षा हे बरं ना? विरोधक म्हणत होते, गरिबाचं इंटरनेट कोणतं असावं हे एका कंपनीने का ठरवायचं? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. तेव्हा आपण एक तत्त्व मान्य केलं: दार एकच असावं, त्यातून पलीकडे दिसणारं जग सगळ्यांना सारखं असावं. एआयच्या बाबतीत ते तत्त्व आपण विसरून गेलो आहोत. पाहुण्यासाठी एक बुद्धी, खातेदारासाठी दुसरी, वर्गणीदारासाठी तिसरी. ते आपल्याला आता नैसर्गिक वाटू लागलं आहे, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आता दुसऱ्या बाजूने बोलू. कंपन्यांच्या अडचणी खोट्या नाहीत.

पहिली अडचण खर्चाची. जून २०२५ मध्ये सॅम ऑल्टमन यांनी लिहिलं की एका सरासरी प्रश्नाला सुमारे ०.३४ वॉट-तास वीज लागते. आकडा त्यांचाच आहे, पण तो धरून चालू. दहा वॉटचा दिवा दोन मिनिटं लावावा एवढी ती वीज. एका प्रश्नाला काहीच नाही, पण रोजच्या कोट्यवधी प्रश्नांना भरपूर. शिवाय यंत्रांची किंमत वेगळी. कोणीतरी हे भरतंच. दुसरी अडचण गैरवापराची. दारावर कोणीच नसेल तर एक माणूस यंत्र लावून लाख प्रश्न विचारेल आणि बाकीच्यांना काही उरणार नाही. तिसरी मुलांची. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. समोर मूल आहे की मोठं माणूस, हे नाव न विचारता कळणार कसं?

आणि चौथी अडचण मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. खातं नसेल तर 'माझं विचारलेलं पुसून टाका' असं सांगायला तुमच्याकडे हक्काचा कागद उरत नाही. अनामिक माणसाला तक्रारही अनामिकच करावी लागते.

यावर कोणी म्हणेल, मग खातंच बरं, निदान पुसता तरी येतं. तर त्याचंही ऐका. न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला चॅटजीपीटीची संभाषणं राखून ठेवायला सांगितलं, वापरणाऱ्याने पुसलेलीसुद्धा. सप्टेंबर अखेरीपर्यंत ते बंधन होतं. त्यातून मोठ्या कंपन्यांची आणि शिक्षणसंस्थांची खास करारातली संभाषणं वगळलेली होती. मोफत वापरणारे आणि साधी वर्गणी भरणारे वगळलेले नव्हते. कंपनीने वचन मोडलं असं नाही, उलट ती त्या आदेशाविरुद्ध भांडली. पण एकदा साठवलेलं पुसणं हे साठवणाऱ्याच्याही हातात पूर्णपणे राहत नाही, हा धडा मात्र पक्का आहे. जे मागितलंच नाही, ते कोणी राखून ठेवायला लावू शकत नाही.

मग गैरवापर आणि खर्च यांचं काय करायचं? इथे मला पुन्हा वाचनालयात जायचंय. मुक्तद्वारात गर्दी झाली तर आपण लोकांकडे आधार कार्ड मागत नाही. आपण खुर्च्या मोजतो. खुर्ची रिकामी झाली की पुढचा बसतो. संध्याकाळी आठला खोली बंद होते. म्हणजे मर्यादा असते, पण ती माणसावर नसते, जागेवर आणि वेळेवर असते. मुलांचं म्हणाल तर तिथे ग्रंथपाल असतात, टेबलाशी मोठी माणसं असतात. ओळखपत्राचं काम तिथे उपस्थिती करते. एआयच्या चर्चेत आपण हे गृहीत धरलं आहे की यंत्राशी बोलायचं म्हणजे एकट्याने, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावाने. पण तसं कोणी ठरवलं? ते विकायला सोयीचं आहे, एवढंच.

आणि तांत्रिकदृष्ट्या दुसरी वाट आता उपलब्ध आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयनेच व्हिस्पर हे बोलणं लिहून काढणारं मॉडेल खुल्या परवान्यावर दिलं. मार्च २०२३ पासून लामा.सीपीपीसारख्या सॉफ्टवेअरमुळे छोटी भाषिक मॉडेलं साध्या संगणकावर, इंटरनेट न जोडता, चालवता येऊ लागली. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने २०२३ मध्ये इंडिकट्रान्स२ हे भाषांतराचं मॉडेल २२ अनुसूचित भाषांसाठी खुलं केलं, मराठी त्यात आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर सार्वजनिक विद्यापीठांनी आणि सरकारी महासंगणक केंद्राने मिळून सप्टेंबर २०२५ मध्ये अपर्टुस नावाचं मॉडेल दिलं. त्याचे परिमाणांक, प्रशिक्षणाची कृती, मजकुराची माहिती, सगळं उघड आहे. कंपनीने उद्या धोरण बदललं तरी उतरवून घेतलेलं मॉडेल तुमच्या संगणकावरून कोणी काढून नेत नाही. मोफत आणि मुक्त यांतला फरक तो हाच.

आपल्याकडेही पैसा नाही असं नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. भारतजेन हा सरकारी निधीवरचा भारतीय भाषांच्या मॉडेलांचा प्रकल्प मुंबईतच, आयआयटीच्या नेतृत्वाखाली चालतो. आणि महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी हजारो वाचनालयं आहेत, गावोगावी. मॉडेल करणारे एकीकडे, टेबल-खुर्च्या असलेले दुसरीकडे. दोघांमध्ये रस्ता नाही. जनतेच्या पैशाने घडणाऱ्या मराठी मॉडेलचं पहिलं दार वाचनालयाच्या मुक्तद्वारात उघडावं. तिथे नाव विचारलं जाऊ नये, प्रश्न साठवला जाऊ नये, आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला जे मॉडेल मिळतं तेच तिथल्या हमालाला मिळावं. मागणी म्हणून हे काही अवाढव्य नाही. वर्तमानपत्राच्या बाबतीत आपण हे फार पूर्वीपासून करत आलो आहोत.

आपल्या व्याख्यानांचंही तसंच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या परंपरेत श्रोत्याने यावं, ऐकावं, पटलं नाही तर उठून जावं. कोण कोणत्या विषयाला आलं, किती वेळ बसलं, याची वही दारात ठेवलेली नसते. विचार ऐकायला नाव लागत नाही, हे ज्या समाजाने इतकी वर्षं पाळलं, त्याने प्रश्न विचारायला नाव लागतं हे इतक्या सहज मान्य करू नये.

(टाळ्या)

प्रश्नोत्तरांमधून

*प्रश्न: मॅडम, आमच्या गावच्या वाचनालयात पावसाळ्यात छत गळतं. तिथे तुम्ही एआय ठेवायला सांगताय.*

तुमचं म्हणणं रास्त आहे. आधी छत, मग यंत्र, यात वाद नाही. पण एक गोष्ट पाहा. वाचनालयाला संगणक मिळाला तर तो बहुतेक कार्यालयात, कपाटाशेजारी, झाकून ठेवलेला असतो. दर्शनी खोलीत नसतो. छताला पैसे लागतात. संगणक कपाटापासून टेबलापर्यंत आणायला ठराव लागतो. दोन्ही मागूया.

*प्रश्न: हे सगळं होईल तेव्हा होईल. आज घरी जाऊन आम्ही काय करायचं?*

चार गोष्टी सांगते. खात्याशिवायची खिडकी वापरताना आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रशिक्षणासाठी वापर बंद करा, आणि घरात ज्यांना ते जमत नाही त्यांना बंद करून द्या. प्रश्नात नाव, गाव, गट नंबर, आधार क्रमांक घालू नका. 'एका शेतकऱ्याने' असं विचारलं तरी उत्तर तेच येतं. अनोळखी 'अमर्याद मोफत' संकेतस्थळांवर खासगी काही लिहू नका. आणि चौथी, कायदा किंवा आजार यांबद्दलचं उत्तर हे चौकशीची सुरुवात समजा, शेवट नव्हे. मघाशी ज्या बाईंचं उदाहरण दिलं, त्यांच्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे माणूस फोन उचलतो. यंत्राने तो क्रमांक सांगितला नाही, तर तुम्ही सांगा.